खुडूक बसलेली फाटकवाली

एर्सिलियाबद्दल पोज्जोरानो गावात मी जेवढं बोललो असेन, तेवढं तिची सख्खी आईही बोलली नसेल. न्हाव्याचा धंदाच असा. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासला की त्याचं तोंड बंद आणि माझं सुरू. पण जी एक गोष्ट सांगण्यासारखी होती, तीच मी पस्तीस वर्षं गिळून बसलो. आता एर्सिलिया नाही, तिचा सासरा क्विरिनो तर केव्हाच गेला, आणि माझी सासूही गेली. सासू खरंच गेली आहे ना, याची खात्री करायला मी दर महिन्याला दफनभूमीत जाऊन फुलं ठेवतो. तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

गावाच्या पायथ्याशी, ऑलिव्हच्या शेतांमधून, एकेरी रुळांची छोटी रेल्वे जायची. गावाचा रस्ता रुळांना जिथे आडवा जातो तिथे फाटक, आणि फाटकाला चिकटून रेल्वेचं दोन खोल्यांचं घर. चव्वेचाळीसच्या वसंतात लाइनीवर बॉम्ब पडले, त्यात एर्सिलियाचा नवरा दुइलिओ गेला. तो फाटकवाला होता. रेल्वेनं बायकोच्या हातात त्याचा झेंडा दिला, फाटक वरखाली करायचं चाक दिलं आणि म्हटलं, घरात राहा. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. उंच, मोठ्या हाडांची, आणि चाक फिरवून फिरवून उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालेली. उभ्यानं जेवायची. बोलायची कमी. बोलायची ती इंजिन ड्रायव्हरशी, आणि तेही शिव्याच. दिवसाला आठ गाड्या. दहा वर्षांत तिचं फाटक एकदाही उशिरा पडलं नव्हतं. गावातले लोक घड्याळं तिच्या फाटकावर लावायचे. चर्चच्या घंटेवर आमचा तेवढा विश्वास नव्हता.

आणि चोपन्नच्या जूनमध्ये फाटक उघडं राहिलं.

दुपारची दोन-सतराची गाडी. तुम्हाला आमची दुपार ठाऊक आहे. जेवणं झालेली, खिडक्या लावलेल्या, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. रस्त्यावर एकटा तोर्क्वातो, गवताची गाडी आणि खेचर घेऊन. फाटक वर, म्हणजे वाट मोकळी, असं समजून तो रुळांवर चढला, आणि वळणावरून इंजिन आलं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबले. तोर्क्वातो पुढे वर्षभर सांगत होता की इंजिन खेचराच्या शेपटीपासून दोन वितींवर थांबलं. मी त्याची दाढी करताना त्या दोन वितींची एक वीत केली, वर्षाअखेर चार बोटं. मेलं कोणी नाही. पण ड्रायव्हरनं रिपोर्ट लिहिला.

आठवड्याभरात पार उत्तरेतल्या तोरिनोहून चौकशी अधिकारी आला. ओद्दोने साहेब. बारीक मिश्या, चामड्याची बॅग, आणि बोली अशी की आमच्या म्हाताऱ्यांना वाटावं हा फ्रेंच आहे. आधी तो माझ्याकडे दाढीला बसला. साबण असतानाच त्यानं विचारलं, "तुमच्या त्या साक्षीदार बाई काय बोलतात, मला एक अक्षर कळत नाही. इथं कोणी नीट इटालियन बोलणारं आहे का?"

ती साक्षीदार म्हणजे माझी सासू, सेत्तिमिया. त्या दुपारी ती रुळांकडेची रानभाजी खुडत होती.

आता मी रोममध्ये सात वर्षं दाढ्या केलेला माणूस. वकिलांच्या केल्या, एका मंत्र्याच्या ड्रायव्हरची केली. मी वस्तरा पुसत म्हटलं, "साहेब, माझ्या रूपानं रोमच तुमच्यासमोर उभं आहे."

तिथेच माझी माती झाली.

चौकशी खानावळीत झाली, कारण पंचायतीचा कारकून दुपारी झोपतो. साहेब टेबलाशी, समोर कागद. एका बाजूला एर्सिलिया उभी, हात एप्रनखाली. दुसऱ्या बाजूला सासू. भिंतीला टेकून अर्धं गाव.

"फाटकवाली तेव्हा काय करत होती?" साहेबानं विचारलं.

मी आमच्या बोलीत विचारलं. सासूनं एर्सिलियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश म्हणाली, "रुळांकडेच्या खड्ड्यात अब्योक्काता बसली होती."

रोममध्ये ह्या शब्दाला एकच अर्थ. भरपेट जेवण झालं, वर पेलाभर वाइन झाली, डोळे मिटायला लागले, की रोमकर म्हणतो, मला अब्योक्को आला. आळस म्हणा, सुस्ती म्हणा. मी पेंगणाऱ्या माणसाची नक्कल केली आणि म्हटलं, "झोपली होती, साहेब. जेवून खड्ड्याच्या सावलीत डुलकी काढत होती."

खानावळ हसली. मीही हसलो. लोक आपल्या बोलण्यावर हसले की मला दुसरं काही दिसत नाही, हे माझी बायको लग्नाच्या दिवसापासून सांगते.

साहेब हसला नाही. त्यानं एर्सिलियाकडे पाहिलं. "हे खरं आहे का?"

 तिनं चुलीवर खदखदणाऱ्या पातेल्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला समजतंय ना? कामावर झोप म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे आठ दिवसांत घर रिकामं."

"समजतंय."

"मग झोपला होतात?"

"लिहा काय लिहायचं ते," एर्सिलिया म्हणाली.

ती नाही म्हणाली नाही, म्हणून मलाही वाटलं, झोपलीच असणार. साहेबानं लिहिलं. सासूनं खाली फुली मारली, काय लिहिलंय ते न वाचता, कारण तिला वाचता येत नव्हतं. अहवाल पक्का करून शनिवारी दुपारी फाटकावर येऊन एर्सिलियाची सही घेतो, असं साहेब म्हणाला आणि त्यानं बॅग बंद केली. संध्याकाळपर्यंत माझी नक्कल गावभर झाली होती.

शुक्रवारी मी सासूकडे अंडी आणायला गेलो. तिनं दार उघडलं आणि अंड्यांऐवजी झाडू घेऊन बाहेर आली.

"या, रोमचे वकीलसाहेब या."

"काय झालं, सासूबाई?"

"ती झोपली होती असं तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. अब्योक्काता म्हणालात की."

तिनं मला बखोटीला धरून परसात नेलं. कोपऱ्यातल्या टोपलीत तिची तपकिरी कोंबडी बसली होती, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून.

"ही कोण?"

"कोंबडी."

"कसली कोंबडी?"

"ब्योक्का," मी म्हटलं. आमच्याकडे खुडूक कोंबडीला ब्योक्का म्हणतात.

"झोपली आहे का?"

"दिसतेय तर तशी."

"घाल हात तिच्याखाली."

मी घातला. त्याचा व्रण अजून अंगठ्यावर आहे. त्या आठवड्यात ज्यांच्या दाढ्या केल्या त्यांच्या कॉलरींवर रक्त कोणाचं, हे त्यांना आज कळेल.

"खुडूक बसलेली झोपत नाही, गाढवा. एकवीस दिवस खात नाही, उठत नाही, डोळे मिटलेले दिसतात आणि जवळ गेलास तर फोडून काढते. तुझे रोमवाले लांबून बघतात आणि म्हणतात, बघा कशी सुस्त बसली आहे. त्यांनी कधी अंडी उबवली आहेत? शब्द आमच्या खुराड्यातून नेला आणि अर्थ इथेच टाकून गेले."

मी अंगठा चोखत उभा होतो. मग ज्याची भीती वाटत होती ते विचारलं. "मग एर्सिलिया कशावर बसली होती?"

सासूनं कुंपणापलीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "सासऱ्यावर."

क्विरिनो म्हणजे दुइलिओचा बाप. मुलाच्या आधी तीस वर्षं त्यानं तेच फाटक सांभाळलं होतं. म्हातारा हल्ली विसरतो, एवढं गावाला ठाऊक होतं. किती विसरतो ते एर्सिलियानं कोणाला कळू दिलं नव्हतं. रोज दोन-सतराच्या गाडीला त्याला वाटायचं, दुइलिओ अजून पोरगा आहे, फाटक कोणी पाडलं नाही. मग तो झेंडा घेऊन धावायचा, थेट रुळांच्या मधे. ती त्याला मागच्या खोलीत कोंडायची. त्या दिवशी तो खिडकीतून निसटला. एर्सिलियाकडे फाटक पाडायला वेळ होता, नाही तर त्याला पकडायला. तिनं त्याला पकडलं, खड्ड्यात आडवा पाडला, आणि गाडी जाईपर्यंत घागरा पसरून त्याच्यावर बसून राहिली.

"हे तिथं का नाही सांगितलंत?"

"सांगू? रेल्वेच्या घरात डोकं फिरलेला माणूस ठेवायला बंदी आहे. कागदावर तो लेकीकडे राहतो. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी वेड्यांच्या इस्पितळाची गाडी आली असती. तिकडून माणूस परत आलेला पाहिला आहेस कधी?" तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मी झाकून बोलले होते. अब्योक्काता म्हटलं. कोणी खोलात विचारलं असतं तर म्हणाले असते, कोंबडी धरत होती. तू मधे तोंड घातलंस."

शनिवारी दीड वाजता आम्ही दोघं फाटकावर पोचलो. सासूच्या काखेत टोपली, टोपलीत खुडूक कोंबडी, अंड्यांसकट. मी दुकानातून तसाच निघालो होतो, गळ्यात पांढरा एप्रन. ओद्दोने साहेब आधीच येऊन स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर कागद, कागदावर पेन. एर्सिलिया उभी. मागच्या खोलीच्या दाराला कुलूप आणि किल्ली तिच्या मुठीत. बोटांच्या फटीतून पितळ दिसत होतं. भिंतीवर घड्याळ, आणि त्याच्या शेजारी घंटा. पुढच्या स्टेशनातून गाडी सुटली की ती वाजते, आणि मग सहा मिनिटांत गाडी फाटकावर.

पावणेदोन.

मी टोपी काढली. "साहेब, मी चुकीचं सांगितलं. तो शब्द झोपेचा नाही."

"साक्षीवर फुली झाली आहे."

"फुली म्हातारीची, चूक माझी. मी शहाणपणा मिरवायला गेलो." आयुष्यात इतकं कोरडं वाक्य मी बोललो नव्हतो. मग शब्दाची सगळी कुळकथा सांगितली, खुराड्यापासून रोमच्या खानावळीपर्यंत. सासूनं टोपली टेबलावर ठेवली, थेट त्याच्या कागदावर.

"हात घाला म्हणावं," ती म्हणाली.

"काय म्हणतात बाई?"

"खात्री करून घ्या म्हणतात."

तो माणूस काटेकोर होता. त्यानं खरोखर हात घातला. मग रुमाल काढून बोटाला गुंडाळला आणि बराच वेळ कोंबडीकडे पाहत राहिला.

"ठीक," तो म्हणाला. "झोपलेली नाही. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे फाटकवाली खड्ड्यात कशावर तरी बसली होती. कशावर?"

"कोंबडीवर," सासू म्हणाली. एवढं त्याला समजलं.

तो उठून दारात गेला. अंगण पाहिलं. टोमॅटोचे वेल, वाळत घातलेले कपडे, पाण्याचं पिंप. परत येऊन बसला. "इथं एकही कोंबडी नाही. खुराडंसुद्धा नाही."

 आम्ही रात्रभर सगळा विचार केला होता, एवढा सोडून.

दोन वाजून पाच.

"बाई, मी तुम्हाला विचारतोय," तो एर्सिलियाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "कशावर बसला होतात?"

ती घड्याळाकडे पाहत होती.

"कोणाला तरी झाकताय का?"

"कागद द्या," ती म्हणाली. "मी सही करते. झोपले होते."

"आता मला ते खरं वाटत नाही, आणि खोट्यावर मी सही घेत नाही."

तिनं टोपली बाजूला सारली आणि पेन उचललं. तिला घाई झाली होती. दोन-सतराच्या आत त्याला घरातून बाहेर काढायचं, मग घर गेलं तरी चालेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यानं कागदावर हात ठेवला. तिनं पेन खाली ठेवलं नाही, त्यानं हात उचलला नाही. आणि घंटा वाजली.

मागच्या खोलीत खुर्ची पडली.

"कोण आहे आत?"

"वारा," सासू म्हणाली. बाहेर ऑलिव्हचं पान हलत नव्हतं.

"फाटक!" आतून म्हाताऱ्याचा आवाज. "दुइलिओ, फाटक!"

मग ठोकाठोक. खिडकीला तिनं आदल्या आठवड्यात फळ्या ठोकल्या होत्या. एक फळी तडकली. दुसरी.

एर्सिलिया दारात उभी राहिली. डाव्या हाताला फाटकाचं चाक, वीस पावलांवर. उजव्या हाताला घराची मागची बाजू. रस्त्यावर वरच्या बाजूनं कोणाची तरी बैलगाडी येताना ऐकू येत होती. मी तिचा चेहरा पाहिला. त्या दिवशी खानावळीत मी हसत होतो, तेव्हा हाच चेहरा माझ्यासमोर होता आणि मी पाहिला नव्हता.

"जावईबापू," सासू म्हणाली, "कोंबडी सुटली."

"तू चाकावर जा," मी एर्सिलियाला म्हटलं, आणि उजवीकडे पळालो.

म्हातारा खिडकीतून बाहेर पडून पायांवर उभा होता. डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी, हातात गुंडाळलेला लाल झेंडा. पंच्याहत्तरीचा माणूस, पण ताकद अशी की मी मागून कंबर धरली तर मला ओढत निघाला. झेंड्याची काठी माझ्या कानावर बसली. दुसऱ्यांदा नाकावर. रूळ थरथरायला लागले होते. मागून चाकाची करकर ऐकू येत होती. फाटक खाली येत होतं. खड्ड्याच्या काठाशी मी त्याच्या पायात पाय घातला, दोघंही आत कोसळलो, आणि मी त्याच्या पाठीवर बसलो. दोन्ही हात पसरून, एप्रन फुगलेला, नाकातून रक्त.

गाडी गेली. धूळ, गरम वारा, सगळा कानठळ्या बसणारा आवाज. माझ्याखाली म्हातारा एकदम शांत झाला. मान वळवून डबे मोजत होता.

"तीन. चार. पाच." मग, "शेवटचा दिवा आहे. गाडी पूर्ण. लाइन मोकळी."

वर काठावर ओद्दोने साहेब उभा होता. बोटाला रुमाल, पायाशी म्हाताऱ्याची पडलेली टोपी. त्याच्या तोंडून निघून गेलं, रेल्वेत स्टेशनवाला उत्तर देतो तसं, "लाइन मोकळी. निरोप मिळाला."

म्हाताऱ्यानं पडल्या पडल्या सलाम ठोकला. मग म्हणाला, "आता उठ माझ्या अंगावरून, लठ्ठ्या."

फाटकाजवळ बैलगाडीवाला थांबला होता. एर्सिलियाचे दोन्ही हात चाकावर होते. ती आमच्याकडे येत नव्हती. गाडी वळणाआड जाईपर्यंत चाक सोडायचं नाही असा नियम आहे. मग तिनं फाटक उचललं, बैलगाडी जाऊ दिली, आणि तेव्हा आली. सासऱ्याची टोपी उचलून झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "चला मामंजी, जेवण गार होतंय."

साहेब स्वयंपाकघरात परत बसला. कोंबडी कागदावर परतली होती. तिला त्यानं टोपलीसकट, फार जपून, बाजूला केलं. 'झोप' हा शब्द खोडला. सावकाश लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: फाटकावरचं एक पाळीव जनावर रुळांकडे निघालं होतं, ते अडवण्यात फाटकवाली गुंतली, फाटक उशिरा पडल्याबद्दल लेखी ताकीद.

"कोणतं जनावर, हे विचारतील," मी म्हटलं.

"विचारलं तर कळवेन," तो म्हणाला. "तुमच्या बोलीत."

एर्सिलियानं सही केली. बॅग बंद करताना तो तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. "ह्या बाईला दोन हात आहेत. दोन-सतराला चार लागतात. उद्या मी इथे नसेन. उद्या कोण?"

मी सासूकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

दोन वर्षं आणि दहा महिने मी रोज दीडला दुकान बंद करून फाटकावर गेलो. क्विरिनोला खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसवायचो, हात हातात धरायचो, आम्ही दोघं डबे मोजायचो. शेवटचा दिवा तो मला कधी आधी पाहू द्यायचा नाही. कधी कधी सुटायचा प्रयत्न करायचा, मग मला बसावं लागायचं. एर्सिलिया चाकावरून ओरडायची, "एलिजो, हळू, त्याच्या बरगड्या आहेत त्या." त्या आधी ती मला नावानं हाक मारत नव्हती.

गावाला कारण सांगता येत नव्हतं. तेव्हा गावानं स्वतःच शोधलं. अर्ध्या गावानं ठरवलं, न्हाव्याला अब्योक्को लागला, जेवला की दुकान टाकून झोपायला जातो, रोममध्ये बिघडलाय. उरलेल्या अर्ध्यानं माझं आणि फाटकवालीचं जमवून टाकलं. तोर्क्वातो माझ्याच खुर्चीत, माझाच साबण तोंडावर, डोळा मारून म्हणायचा, "काल दुपारी काय, गाडी वेळेवर होती ना?" वस्तरा त्याच्या गळ्यावर असायचा आणि मी काही बोलू शकायचो नाही. माझी बायको मला ओळखून असल्यामुळे तिनं त्यातलं काहीच खरं मानलं नाही. मला त्याचंच जरा वाईट वाटलं.

क्विरिनो एका एप्रिलच्या सकाळी गेला, अंथरुणात, सातच्या आणि साडेनवाच्या गाड्यांच्या मधे. दफनानंतर दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी दुकानाला कुलूप लावलं आणि मग आठवलं की जायचं कुठेच नाही. परत उघडावं, तर हात पुढे होईना. खुर्चीतच बसलो, पाय आरशाखालच्या फळीवर, आणि पहिल्यांदाच खराखुरा झोपलो. जाग आली तेव्हा सासू दारात उभी, काखेत अंड्यांची टोपली.

"काय रे, बसलास का खुडूक?" ती म्हणाली. "आता कशावर?"

मी खाली पाहिलं. खुर्चीत माझ्याखाली तोर्क्वातोची हॅट होती. सकाळी विसरून गेला होता. पार चपटी झाली होती.

"राहू दे," सासू म्हणाली. "तिच्यातून काही निघायचं नाही."